अडकलेली अक्कलदाढ आणि ‘मला पूर्ण झोपवा’: एक प्रकरण

पेशंट 51 वर्षांचे, मुंबईत बस चालवतात, राहायला काळाचौकीच्या एका चाळीत. ओळख पटेल असा तपशील इथे टाळला आहे. तक्रार उजवीकडच्या खालच्या अक्कलदाढेची. ती हाडात तिरकी अडकलेली, वर हिरडीचा अर्धवट पडदा. त्या पडद्याखाली अन्न अडकायचं, सूज यायची, तोंड उघडेनासं व्हायचं. अँटिबायोटिकचा कोर्स झाला की महिना-दोन महिने शांतता आणि मग पुन्हा तेच. दरम्यान पुढच्या चांगल्या दाढेलाही मागून कीड लागली होती. त्यामुळे दाढ काढायला हवी याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं.

मी भूलतज्ज्ञ. परळ-दादर पट्ट्यातल्या काही लहान हॉस्पिटलांत जाऊन भूल देते. ओरल सर्जनचा फोन आला तो दाढेसाठी नव्हताच. “पेशंट म्हणतोय पूर्ण झोपवल्याशिवाय दाढेला हात लावू देणार नाही. मुलगा कुठल्याशा स्लीप डेंटिस्ट्रीच्या जाहिराती दाखवतोय. तू एकदा बघ आणि काय ते सांग.”

या आग्रहामागे एक घटना होती. काही महिन्यांपूर्वी, सूज ऐन भरात असताना, ते एका दवाखान्यात गेले होते. तिथे इंजेक्शन दिलं आणि पाच मिनिटांत कापायला घेतलं. “डॉक्टर म्हणत होते, दुखत नाहीये, नुसतं दाबल्यासारखं वाटतंय तुम्हाला. मी म्हटलं, अहो, मला वाटतंय की तुम्हाला?” ड्रिल दाताला लागलं तेव्हा कानापर्यंत करंट गेला आणि हा माणूस गळ्यातल्या निळ्या कागदी बिबसकट खुर्चीतून उठून रस्त्यावर आला. त्यानंतर दाताच्या दवाखान्याच्या पायऱ्या दिसल्या तरी तळहाताला घाम फुटायचा.

बधिर करणारं इंजेक्शन सुजेत का लागत नाही, याचं कारण रसायनात आहे. लिग्नोकेन हे त्यातलं औषध नसेच्या, म्हणजे मज्जातंतूच्या, आवरणातून आत शिरतं ते विद्युतभार नसलेल्या रूपात. निरोगी ऊतींमध्ये, म्हणजे पीएच 7.4 असताना, दिलेल्या औषधाचा साधारण चौथा हिस्सा त्या रूपात असतो. पू-सुजेच्या जागी आम्लता वाढते, तो हिस्सा आणखी घटतो, आणि औषध नसेच्या दारात उभं राहतं पण आत जात नाही. त्यात खालच्या दाढांची नस जबड्याच्या हाडाच्या आतून जाते. ती गाठायला सुई जबड्याच्या आतल्या अंगाला, खूप मागे न्यावी लागते, आणि नुसत्या अंदाजाने. अनुभवी हातांतही हा ब्लॉक, म्हणजे मुख्य नसच बधिर करणारं इंजेक्शन, शंभरात पंधरा-वीसदा पुरता लागत नाही, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. थोडक्यात, या माणसाला खरंच दुखलं होतं. त्यांच्या फाइलवर ‘घाबरट पेशंट’ असा शेरा होता, तो मला पटला नाही.

तपासणी

फाइलमध्ये मधुमेह आणि ब्लडप्रेशर. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आठ वर्षं चालू, रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी 7.9 टक्के. ब्लडप्रेशरला दोन गोळ्या, तरी त्या दिवशी 168/98. वजन 92 किलो, बीएमआय 33. मान आखूड आणि जाड, टेपने मोजली तर 43 सेंटिमीटर. घसा बघायला तोंड उघडा म्हटलं तर दोन बोटंही जेमतेम जात होती, मोजलं तर 22 मिलिमीटर. निरोगी मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 मिलिमीटर उघडतं.

मग मी घोरण्याबद्दल विचारलं. ते स्वतः म्हणाले, थोडंफार. त्यांच्या पत्नी, काकू, बाजूला बसल्या होत्या, त्यांना राहवलं नाही. “थोडंफार? अहो मॅडम, पलीकडच्या खोलीतले सावंत भिंतीवर टकटक करतात रात्री. आणि मध्येच ह्यांचा श्वासच थांबतो. मी मोजत बसते. मग एकदम गुदमरल्यासारखे खाकरतात आणि परत सुरू.” दिवसा झोप येते का? काका गप्प. काकू म्हणाल्या, जेवताना डुलकी लागते. गाडीवर असताना काय होतं ते मी त्यांच्यासमोर विचारलं नाही, नंतर एकटे असताना विचारलं.

अशा पेशंटसाठी स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी असते: घोरणं, दिवसाचा थकवा, श्वास थांबल्याचं कुणी पाहिलेलं असणं, ब्लडप्रेशर, बीएमआय 35 च्या वर, वय 50 च्या वर, मानेचा घेर, पुरुष असणं. पाच किंवा अधिक ‘हो’ आले की झोपेत श्वास अडण्याचा आजार असण्याची शक्यता मोठी मानतात. इथे बीएमआय सोडून सातही ‘हो’. चाळीच्या पातळ भिंतीने हे निदान माझ्या आधीच केलं होतं.

तोंड न उघडण्याचा प्रश्न वेगळा काढून बघावा लागला. गालाच्या आतल्या बाजूला पांढुरके, ताठ पट्टे हाताला लागत होते. सुपारी? “आता नाही, मॅडम. आधी मावा असायचा. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून.” महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, मावा पानपट्टीवर हातावर मळून मिळतो. सुपारीने गालाखालचे धागे कडक होत जातात, तोंड हळूहळू मिटत जातं आणि ते मागे फिरत नाही. पण सुजेमुळे स्नायू आखडूनही तोंड उघडत नाही, आणि ते मात्र सुटतं. भूल देणाऱ्याला या दोन्हींतला फरक माहीत असणं फार गरजेचं. आखडलेला स्नायू भुलेत सैल पडतो, सुपारीने कडक झालेला गाल पडत नाही. झोपवल्यावर तोंड उघडेल या भरवशावर इथे कुणी राहिलं असतं तर झोपलेला पेशंट, बंद तोंड आणि अडलेला श्वास असे तिन्ही एकदम समोर आले असते.

म्हणून पहिलं काम सूज घालवण्याचं. सर्जननी पडद्याखालची जागा धुऊन काढली, अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोल दिलं, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. दहा दिवसांनी तोंड 31 मिलिमीटर उघडलं. उरलेली तूट सुपारीची.

कोणती भूल

इथून पुढे मुलाशी बराच वेळ बोलणं झालं. हुशार मुलगा, लॉजिस्टिक्समध्ये नोकरी, सगळं वाचून आलेला. त्याचं म्हणणं सरळ होतं: “पप्पांना त्रास नको. खर्च होऊ दे. फुल अ‍ॅनेस्थेशिया द्या.”

पूर्ण भूल म्हणजे श्वासनलिकेत नळी. दातांच्या शस्त्रक्रियेत ती नळी सहसा नाकातून घालतात, म्हणजे तोंड सर्जनला मोकळं मिळतं. नेहमीचा क्रम असा की आधी झोपवायचं, मग तोंड उघडून नळी घालायची. पण जिथे तोंड पुरेसं उघडत नाही, मान आखूड आहे, आणि झोप लागताच घसा मिटतो, तिथे हा क्रम उलटा करणं सुरक्षित. पेशंट जागा असताना नाक आणि घसा औषधाने बधिर करायचा, बारीक कॅमेऱ्याची लवचिक नळी नाकातून श्वासनलिकेत न्यायची, आणि नळी जागेवर बसल्याची खात्री झाल्यावरच झोपवायचं. मी मुलाला तेच सांगितलं: तुझ्या पप्पांना काही कळायला नको म्हणून पूर्ण भूल हवी आहे, आणि ती भूल देण्यासाठी मला त्यांना जागं ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. तो बराच वेळ काही बोलला नाही.

ते अशक्य नव्हतं. जिथे कॅमेरा, आयसीयू आणि रात्रभर लक्ष ठेवायला माणसं आहेत अशा मोठ्या हॉस्पिटलात मी ते केलंही असतं, जर काम दोन-तीन तासांचं असतं किंवा जबडा मोडला असता. एका दाढेसाठी एवढी जोखीम घ्यायला माझी तयारी नव्हती.

जाहिरातीतली स्लीप डेंटिस्ट्री म्हणजे बहुतेक ठिकाणी शिरेतून गुंगी. मिडॅझोलॅम, कधी सोबत फेंटानिल, कधी प्रोपोफॉल. योग्य पेशंटला, भूलतज्ज्ञ शेजारी उभा असताना, ही उत्तम पद्धत आहे. मी स्वतः देते. पण हलकी गुंगी, मध्यम गुंगी, गाढ गुंगी आणि पूर्ण भूल यांच्यामध्ये कुंपण नसतं. ठरवलेल्यापेक्षा पेशंट एक पायरी खाली घसरला तर त्याला सावरण्याची तयारी खोलीत असायलाच लागते. दाढेच्या शस्त्रक्रियेत आणखी एक अडचण असते, जी जाहिरातीत कधी दिसत नाही. हाड कापताना ड्रिलवर सतत सलाईनची धार सोडतात. जागा माणूस ते पाणी गिळतो, खोकतो, हात वर करतो. गाढ गुंगीतला माणूस गिळत नाही. पाणी आणि रक्त स्वरयंत्रावर पडलं की ते झटक्यात मिटू शकतं. ज्याचा घसा रोज रात्री आपणहून मिटतो, त्याच्या बाबतीत दवाखान्याच्या खुर्चीत हा प्रयोग मला नको होता.

लाफिंग गॅसचा, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचा, मी बराच विचार केला. नाकावर छोटा मास्क, ऑक्सिजनसोबत गॅस हळूहळू वाढवत न्यायचा. मशीनच अशी बनवलेली असते की ऑक्सिजन 30 टक्क्यांच्या खाली जात नाही. काम संपल्यावर काही मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की माणूस ताळ्यावर. याच गॅसमुळे दंतवैद्यकाने जगाला भूल दिली म्हणतात: डिसेंबर 1844 मध्ये हार्टफर्डच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने गॅस हुंगून स्वतःचाच दात काढून घेतला. पुढच्या महिन्यात बोस्टनला त्याने जाहीर प्रयोग केला तेव्हा पेशंट ओरडला आणि वेल्सचं हसं झालं. आज त्याचं एक कारण सांगता येतं. फक्त या गॅसने पूर्ण बधिर करायचं तर हिशेबाने 104 टक्के गॅस लागेल. तो भीती कमी करतो, कापण्याची वेदना पुरती थांबवत नाही. आमच्या पेशंटच्या बाबतीत अडचण दुसरीच निघाली. तळपायाला मुंग्या येतात असं ते बोलता बोलता म्हणाले. मधुमेहाने येतात तशा त्या बी-12 च्या कमतरतेनेही येतात, आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-12 कमी होतं. तपासलं, कमीच होतं. नायट्रस शरीरातलं उरलंसुरलं बी-12 निकामी करतो. तासाभराच्या एका वेळेने बहुतेकांचं काही बिघडत नाही, पण नसांची तक्रार आधीच असताना कशाला? शिवाय नाकाचा पडदा वाकडा, श्वास तोंडाने. गॅस बाद केला आणि बी-12 ची इंजेक्शनं सुरू केली.

उरलं काय? तेच, ज्याने एकदा दगा दिला होता: जागेवर बधिर करणं.

एक सिटिंग, काहीही न काढता

इथे सर्जननी जे केलं ते मी आधी कुणाला करताना पाहिलं नव्हतं. त्यांनी पेशंटला बोलावलं आणि सांगितलं, “काका, आज दाढेला हात लावायचा नाही. ट्रेमध्ये बघा, पक्कड नाही, ड्रिल नाही. फक्त इंजेक्शन देतो आणि बधिर होतंय का ते तुम्हीच मला सांगायचं.”

आधी हिरडीवर जेल, दोन मिनिटं थांबून बारीक सुई, औषध अगदी सावकाश. मग घड्याळ लावून पंधरा मिनिटं गप्पा. खालचा ओठ उजव्या अर्ध्यात जड झाला, जिभेची कड गेली. सर्जननी टोकदार प्रोब त्यांच्याच हातात दिला आणि समोर आरसा धरला. काकांनी आधी डाव्या हिरडीला टोचलं, दचकले. उजवीकडे टोचलं. पुन्हा टोचलं, जरा जोरात. “च्यायला,” ते म्हणाले, मग माझ्याकडे बघून, “सॉरी मॅडम.” घरी जाताना चहा हनुवटीवर ओघळला म्हणे, आणि संध्याकाळपर्यंत ते ओठाला नख लावून बघत होते.

त्या दिवसानंतर ‘पूर्ण झोपवा’ हे शब्द परत आले नाहीत. मागणी एवढ्यावर आली की ड्रिलचा आवाज ऐकताना डोकं जरा शांत असावं. ते मला देता येत होतं.

प्रत्यक्ष दिवस

जागा हॉस्पिटलचं ऑपरेशन थिएटर, दवाखान्याची खुर्ची नाही. सहा तास उपाशी, पाणी दोन तास आधीपर्यंत. ब्लडप्रेशरच्या गोळ्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर, मेटफॉर्मिन त्या सकाळी नाही. टेबल सपाट न ठेवता पाठ उंच. नाकात ऑक्सिजनच्या नळ्या, आणि त्यांच्यातूनच बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारी कॅप्नोग्राफीची लाइन. बोटावरचा ऑक्सिमीटर श्वास थांबल्याचं उशिरा सांगतो, त्यातून ऑक्सिजन चालू असेल तर आणखी उशिरा. कॅप्नोग्राफ लगेच सांगतो. अडचणीच्या श्वासमार्गाची ट्रॉली उघडून ठेवलेली.

गुंगीसाठी मी डेक्समेडेटोमिडीन निवडलं, आम्ही बोलताना डेक्समेड म्हणतो. त्याने येणारी झोप नेहमीच्या झोपेच्या जवळची असते, हाक मारली की माणूस डोळे उघडतो, आणि श्वासावर त्याचा परिणाम इतर औषधांपेक्षा कमी. मात्र नाडी आणि ब्लडप्रेशर खाली जातात, आणि मिडॅझोलॅमला जसा फ्लुमाझेनिलचा उतारा आहे तसा याला माणसांत वापरायचा उतारा नाही. म्हणून डोस राखून: किलोला अर्धा मायक्रोग्रॅम, 46 मायक्रोग्रॅम दहा मिनिटांत सावकाश, मग तासाला किलोमागे 0.3. फेंटानिल, मिडॅझोलॅम काहीच नाही.

थिएटरात आल्यावर नाडी 112 होती. डेक्समेडच्या पंधरा मिनिटांनंतर 66, ब्लडप्रेशर 134/82. मग सर्जननी 2 टक्के लिग्नोकेन, 1:80,000 अ‍ॅड्रिनलीनसह, ब्लॉकसाठी आणि गालाच्या नसेसाठी दिलं. जिभेच्या बाजूने थोडं जास्तीचं, कारण तिथून एक छोटी नस कधी कधी दाढेला वेगळा पुरवठा करते. एकूण सहा मिली, म्हणजे 120 मिलिग्रॅम. अशा मोठ्या माणसाला अ‍ॅड्रिनलीनसह 500 मिलिग्रॅमची मर्यादा असते. अ‍ॅड्रिनलीन ब्लडप्रेशर वाढवेल अशी काळजी अनेकांना वाटते. घाबरलेला, दुखणारा पेशंट स्वतःच्या शरीरातून जेवढं सोडतो त्यापुढे हे फार थोडं, फक्त सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून बघून, सुई शिरेत नाही ना याची खात्री करून द्यायचं.

पुढे चाळीस मिनिटं. या वयात हाड कठीण असतं. दाढेचे दोन तुकडे करून काढावी लागली. तोंड 31 मिलिमीटरच उघडत असल्याने असिस्टंटचं सक्शन आणि सर्जनचा हात एकमेकांना अडवत होते. दोनदा मध्ये थांबलो. पहिल्यांदा काकांनी ठरल्याप्रमाणे डावा हात वर केला. दुखत नव्हतं, पाणी घशात गेलं होतं. दुसऱ्यांदा मी थांबवलं. नाडी 49 वर आली आणि त्याच सुमारास ते घोरायला लागले, मग घोरणं बंद झालं. कॅप्नोग्राफची रेघ सपाट. ऑक्सिमीटर तेव्हाही 98 दाखवत होता. “काका, श्वास घ्या,” म्हणून हनुवटी उचलली, त्यांनी डोळे उघडले, रेघ परत उठली. डेक्समेडचं ओतणं निम्मं केलं, त्यानंतर त्रास नाही. काकू रात्री जे मोजत बसायच्या ते मला पडद्यावर बघायला मिळालं, आणि तेही एवढ्या थोड्या औषधावर.

टाके घातले. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, सोबत फक्त दोन दिवस आयबुप्रोफेन. ट्रॅमाडोल किंवा तत्सम, श्वास मंद करणारं काही लिहून देऊ नका, हे मी डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, कारण अशा पेशंटला धोका थिएटरइतकाच घरी पहिल्या रात्री असतो. उशा लावून, कुशीवर झोपायचं. संध्याकाळपर्यंत ठेवून, ऑक्सिजनशिवाय झोप लागू देऊन, मगच मुलासोबत घरी सोडलं. 24 तास कोणतंही वाहन चालवायचं नाही हे सगळ्यांनाच सांगतो; यांची रजा होतीच.

झोपेची तपासणी नंतर झाली. तासाला 38 वेळा श्वास अडत होता, म्हणजे तीव्र स्वरूपाचा आजार. काकांचा पहिला प्रश्न होता, डेपोत कळलं तर? मी एवढंच सांगू शकले की सीपॅपचं, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं, मशीन लावून झोपणारा ड्रायव्हर न लावणाऱ्यापेक्षा कितीतरी बरा, आणि तोवर रात्रपाळी घेऊ नका. मशीन आलं आहे. पहिले काही दिवस मास्क पहाटेपर्यंत गादीखाली जायचा, आता राहतो असं काकू सांगतात.

सर्जनशी माझा एक वाद अजून मिटलेला नाही. त्यांचं म्हणणं, त्या कोरड्या सिटिंगनंतर फक्त बधिर करूनही दाढ निघाली असती, डेक्समेडची गरज नव्हती. मला ते पटत नाही. ब्लडप्रेशर एवढं वर असलेला माणूस 112 नाडीवर ड्रिलचा आवाज ऐकत चाळीस मिनिटं पडून राहावा, हे मी सुरक्षित मानत नाही. पण डाव्या बाजूला तशीच दाढ आहे, काढावी लागली तर काका स्वतःच म्हणतात की इंजेक्शन पुरे. तेव्हा कदाचित सर्जन म्हणतील तसं होईल. मॉनिटर लावून मी तिथे असेनच.